शेजारी ठेवलेली जुनी प्रत

दवाखान्याचा रेकॉर्ड विभाग बंद झाला तेव्हा फाइलताई एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. सव्वीस वर्षं रुग्णांच्या फाइली लावण्यात आणि काढण्यात गेली होती. खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं. साहेबांनी बोलावून सांगितलं, "आता सगळं सर्व्हरवर. तो सांभाळणारे बुवा तीन महिन्यांत निवृत्त होतायत. तेवढ्यात शिकलात तर त्यांची जागा तुमची. नाही तर..." पुढचं त्यांनी खिडकीबाहेर बघत गिळलं. नाही तर काय, हे ताईंना ठाऊक होतं. नोकरी गेली की आवारातलं दोन खोल्यांचं घर जाणार, आणि त्यातल्या आतल्या खोलीत चार वर्षं अंथरुणाला खिळलेला नवरा होता.

बुवांनी नऊ वर्षं तो सर्व्हर एकट्याने चालवला होता आणि एक ओळ कुठे लिहून ठेवली नव्हती. त्यांची शिकवण्याची रीत न्यारीच. आपण भराभर टाइप करायचं, पडद्यावर दहा खिडक्या उघडायच्या, मिटायच्या आणि विचारायचं, "कळलं?"

"नाही."

"अहो, जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेले आपले प्रोग्रॅम हा सर्व्हर चालवतो. या फोल्डरमध्ये प्रोग्रॅमची फाइल ठेवली की तो उचलतो आणि सुरू करतो. यात न कळण्यासारखं काय आहे?"

ताई सगळं वहीत उतरवून घेत. तीन वह्या भरल्या. सर्व्हर दिवसभर आपला हिशेब एका लॉगमध्ये लिहीत असे, हजारो ओळी; बुवा त्या वर्तमानपत्रासारख्या वाचत आणि ताईंना एक ओळ लागेल तर शपथ. घरी नवरा पडल्या पडल्या वही धरून त्यांची उजळणी घेई. त्याला सगळं पाठ झालं. परीक्षा घरात असती तर जागा त्यालाच मिळाली असती, असं ताई म्हणत आणि दोघं हसत.

दहाव्या आठवड्यात बुवांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि नेमकी त्याच दिवशी तारखा देणाऱ्या प्रोग्रॅमची नवी फाइल आली. रोज सकाळी सहा वाजता हा प्रोग्रॅम वाट बघणाऱ्या रुग्णांना तपासणीची, ऑपरेशनची तारीख मोबाइलवर पाठवत असे. ताईंनी ते काम एकटीने केलं. वहीतली एकेक ओळ बोटाने धरत नवी फाइल फोल्डरमध्ये ठेवली. जुनीचं काय करायचं, हे वहीत नव्हतं. पण ते काय कुणी सांगायला हवं? जुना कागद कधी फेकायचा नाही, नव्याच्या शेजारी ठेवायचा; सव्वीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता. त्यांनी जुन्या फाइलच्या नावापुढे 'जुनी' लिहिलं आणि ती तिथेच राहू दिली. पडद्यावर सगळं हिरवं झालं. जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी नवऱ्याने पडल्या पडल्या टाळ्या वाजवल्या.

आठ दिवसांनी नोंदणीच्या खिडक्यांवर झुंबड उडाली. प्रत्येकाच्या हातात दोन तारखा. दवाखान्याच्या यादीत मात्र दुसरीच धरलेली, त्यामुळे पहिल्या तारखेला आलेले सगळे परत. एक म्हातारी आदल्या रात्रीपासून उपाशी राहून ऑपरेशनला आली होती. "मग मी आता खाऊ का?" असं ती दिसेल त्याला विचारत होती. प्रोग्रॅम बनवणारी बाहेरची कंपनी म्हणाली, तुमचं मशीनच जुनं. नाचता येईना, अंगण वाकडं. पण साहेबांना ते पटलं. बुवा डोळ्यावर पट्टी बांधून आले; त्यांना पडदा दिसेना.

"ताई, लॉग वाचा," ते म्हणाले.

ताईंनी वाचायला घेतला. सकाळी सहाची ओळ. तिच्याखाली तीच ओळ पुन्हा. पहिलीत प्रोग्रॅमचं नाव, दुसरीतही तेच, पुढे 'जुनी'. सर्व्हरला नव्याजुन्याशी काय देणंघेणं? फोल्डरमध्ये दिसलं ते त्याने उचललं. आठही दिवस दोन्ही प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालत होते. आणि त्याच वेळी त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला सगळं कळतंय. खालची ओळ, तिच्या खालची, सगळं.

जुनी फाइल गुपचूप काढून टाकली असती तर खापर कंपनीवर नाही तर मशीनवर फुटलं असतं. पण कोणाला कुठली तारीख कोणत्या प्रतीने दिली, हे सांगितल्याशिवाय पुढच्या आठवड्यातली माणसंही अशीच उपाशी परत गेली असती. ताईंनी जुनी फाइल काढली. दिवसभर बसून चारशे बारा नावांची यादी केली. वर कारण लिहिलं, चूक कोणाची तेही लिहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्यांना कळत होतं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "इतकं स्वच्छ तर मला बुवांनीही कधी सांगितलं नव्हतं. कोणी समजावलं?"

"कोणी नाही. मीच वाचलं."

"म्हणजे आलं की तुम्हाला." साहेबांना खरंच वाईट वाटत होतं. "पण हे आता वर पाठवावं लागणार. आणि यानंतर वरचे लोक तुमच्या नावाला हो म्हणणार नाहीत. बाहेरून माणूस घेतील. तो येईपर्यंत महिना जाईल. तेवढे दिवस चालवा. आणि जाण्याआधी त्याला शिकवून जा."

"बरं," ताई म्हणाल्या.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण तुला आलं ना?"

"आलं."

"कधीपर्यंत सोडायचं घर?"

"तीस तारखेपर्यंत."

ताई उठून दाराशी गेल्या आणि चौकटीची रुंदी वितीने मोजली. मग पलंगाची मोजली. पलंग सुताराने खोलीत आणून जोडला होता. आहे तसा तो बाहेर निघणार नव्हता.

"खोलावा लागेल," त्या म्हणाल्या. "तेवढा वेळ तुम्हाला खाली ठेवावं लागेल."

"ठेव," नवरा म्हणाला.