दहा सह्यांचा अर्ज

बाईंनी तो अर्ज दुसऱ्यांदा लिहून घेतला नसता, तर पुढचे काहीच घडले नसते. पण छत्तीस वर्षे जिने मुलांच्या वहीतली खाडाखोड चालवून घेतली नाही, ती स्वतःच्या उमेदवारीच्या अर्जावर ती कशी चालवून घेणार?

अपक्ष उमेदवाराचे नाव दहा मतदारांनी सुचवावे लागते, आणि त्या दहांच्या सह्या अर्जावर लागतात. डोंगराकडच्या चार गावांतले दहा जण येऊन सह्या करून गेले. कुणाची सही चौकटीबाहेर पळाली होती, कुणाच्या बोटांचा तेलकट डाग पडला होता. बाईंनी कागद उजेडात धरला आणि कपाळाला आठी घातली.

"वहिनी, सह्या आहेत त्या. तुम्हाला काय मार्क द्यायचेत?" नणंद म्हणाली. बाईंना तोंडावर बोलण्याची हिंमत साऱ्या गावात तिच्या एकटीत होती.

"वन्सं, हा कागद उद्या साहेबापुढे जायचाय. त्यानं आपल्या माणसांना अडाणी समजायला नको."

नवा अर्ज आला. दहाही जणांना पुन्हा बोलावणे गेले. "ताठ बसा, आणि शाळेत लिहायचात तसं लिहा," बाईंनी फर्मावले. पन्नाशीला टेकलेली माणसे जीभ दातांत धरून लिहू लागली. दहा सह्या एकाखाली एक, मोत्यांची ओळ लावावी तशा उतरल्या.

बाईंना खुर्चीची हौस नव्हती. त्या निवृत्त झाल्या आणि दोन वर्षांत शाळेला कुलूप लागले. ते त्यांनी गिळले. बस बंद झाली, तेही गिळले. मग दवाखान्यातली नर्स बदलून गेली आणि तिच्या जागी कुणी आलेच नाही. त्या हिवाळ्यात पाथरवटाची सून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, शहराच्या अर्ध्या वाटेवर, बाईंच्या मांडीवर डोके ठेवून गेली. पोटातले मूलही गेले. जिल्ह्याच्या सभेत या गावांची बाजू घेणारे कुणी नव्हते. ती जागा कंत्राटदाराच्या घरात बापाकडून लेकाकडे चालत आली होती. बाई घरी आल्या, त्यांनी लुगड्यावरचे रक्त धुतले आणि म्हणाल्या, "वन्सं, मी उभी राहते."

छाननीच्या दिवशी कंत्राटदाराच्या वकिलाने हरकत घेतली. "साहेब, दहाही सह्या एकाच हातच्या आहेत. आंधळ्यालाही दिसेल."

निवडणूक अधिकारी चाळिशी वर-खाली करीत बराच वेळ कागद पाहत राहिले. "बाई, खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटतंय."

"वाटणारच. दहाही जणांना अक्षर मीच शिकवलंय."

"वा! म्हणजे कारखाना एकच, याची तुम्हीच कबुली देताय," वकील म्हणाला. मागच्या बाकावर कुणी तरी खुदकन हसले.

"तीन वाजेपर्यंत दहाही जणांना इथं हजर करा," अधिकारी म्हणाले. "माझ्यासमोर सही करून दाखवतील. एक जरी कमी पडला, तरी अर्ज बाद."

अकरा वाजले होते. गावे दहा कोसांवर, बस नाही, आणि माणसे चार दिशांना कामावर पांगलेली. बाईंनी नणंदेला फोन केला. अर्ज भरताना "या वयात कसली थेरं" म्हणणारी तीच नणंद अनवाणी गिरणीकडे धावली. गिरणीवाल्याने चालती गिरणी थांबवून ट्रॅक्टर काढला. दोघांनी दहा जण कुठून कुठून वेचले ते त्यांनाच ठाऊक. पण पावणेतीनला धुळीने माखलेली माणसे कचेरीच्या दारात उभी होती.

एकेक जण टेबलाशी येई, बाईंकडे एकवार बघे आणि ताठ बसून लिही. नऊ सह्या जुळल्या. वकिलाचा चेहरा उतरत चालला.

मग पाथरवट पुढे झाला, आणि बाईंनी त्याच्या हाताकडे पाहिले. तीस वर्षे हातोडा चालवून त्याचा उजवा हात कायमचा कापरा झाला होता. दुसऱ्या अर्जाच्या दिवशी कोऱ्या कागदावर त्याचे अक्षर दोनदा फिसकटले, तेव्हा बाई सवयीने त्याच्या पाठीशी गेल्या, त्याची मूठ आपल्या मुठीत घेतली आणि पहिलीतल्या पोरासारखी सही गिरवून घेतली होती. तेव्हा त्यात त्यांना काहीच वावगे वाटले नव्हते.

"ही सही तुमची?"

"माझी, साहेब."

"स्वतःच केलीत?"

"स्वतःच. दुसरं कोण करणार?" पाथरवट बाईंकडे न बघता म्हणाला.

"दाखवा करून."

पेन कागदावर थरथरले, अडखळले, आणि कागद टरकन फाटला. वकील उठला, अधिकाऱ्यांनी त्याला हाताने खाली बसवले. अधिकारी माणूस निबर होता, पण दुष्ट नव्हता.

"कष्टाचा हात आहे, कापायचाच. बाई, तुम्ही सांगा. यानं तुमच्यादेखत ही सही स्वतःच्या हातानं केली ना? तुमचा शब्द मी लिहून घेतो आणि विषय संपवतो."

वकिलानेसुद्धा हरकत घेतली नाही. बाईंच्या शब्दाला जिल्ह्यात तेवढे वजन होते. पाथरवटाने मान वर केली. भिंतीशी बाकीचे नऊ जण उभे होते. खोटे बोलला म्हणून त्यांतल्या प्रत्येकाला कधी ना कधी बाईंनी वर्गाबाहेर उभे केले होते.

"हात त्याचा होता," बाई म्हणाल्या. "पण तो मी धरला होता."

अर्ज बाद झाला.

बाहेर ट्रॉलीपाशी पाथरवटाने त्यांना गाठले. "बाई, आज मी तुमच्यासमोर खोटं बोललो."

"ऐकलं मी."

"तुमच्यासाठी नाही बोललो. सुनेसाठी बोललो. आणि तुमच्यानं एक 'हो' म्हणवलं नाही?"

"अरे, खोटं बोलू नका म्हणून तुम्हाला शिकवलं ते मीच ना?"

"शिकवलंत. आता पाच वर्षं कुणाकुणाला या ट्रॉलीत घालायचं, तेवढंही शिकवून ठेवा."

"जिभेला काही हाड?" नणंद कडाडली. पण तिला साथ द्यायला कुणी पुढे आले नाही. नऊ जण ट्रॉलीत चढले. बाई चाकाला धरून आपल्या आपणच वर गेल्या.

गिरणीवाला ट्रॅक्टरवर बसला, पण त्याने तो लगेच सुरू केला नाही.

"माझ्या लेकीला सातवा लागलाय, बाई," तो पाठमोराच म्हणाला.

बाईंनी नुसती मान हलवली. त्यांना ते माहीत होते. आत साहेबांना उत्तर देतानाही माहीत होते.