आजीच्या फोनवरून

इराचा शेवटचा पेपर बुधवारी संपला आणि शनिवारी सकाळी मी तिला घेऊन हार्बरफ्रंटला निघालो. तिची आजी जाऊन त्या दिवशी सव्वीस दिवस झाले होते. इराला ते माहीत नव्हतं. संध्याकाळी घरी परतायच्या आत मला ते तिला सांगायचं होतं, कारण रविवारी आम्ही सगळे पुण्याला निघणार होतो आणि तिची समजूत अशी होती की आपण आजीला आणायला चाललो आहोत.

इरा माझी नात, बारा वर्षांची. इथे सिंगापूरला सहावीच्या शेवटी पी.एस.एल.ई. नावाची परीक्षा असते. त्या मार्कांवर पुढची शाळा ठरते. ज्या घरात ती परीक्षा असते त्या घरात वर्षभर मिक्सरसुद्धा वेळ बघून लावतात. मी पुण्यात चौतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्तीनंतर आम्ही दोघं मुलाकडे, सारंगकडे, इथल्या बेडोक भागात राहायला आलो. इथेही आमच्या इमारतीच्या, म्हणजे ब्लॉकच्या, खालच्या दगडी टेबलाशी संध्याकाळी पाच-सहा मुलं अपूर्णांक घेऊन येतात. मूल अडलं की मला घाई होत नाही. तेच उदाहरण चार वेगळ्या वाटांनी सोडवून दाखवण्यात मला आनंद वाटतो.

इराचं आणि माझ्या बायकोचं, संजीवनीचं, वेगळं जग होतं. दोघी जपानी ॲनिमेशनचे सिनेमे बघायच्या. खाली इंग्रजी अक्षरं पळत. संजीवनीला ती पटकन वाचता यायची नाहीत, म्हणून इरा दर दोन मिनिटांनी सिनेमा थांबवायची. दीड तासाचा सिनेमा त्यांना तीन तास पुरे. त्या सिनेमांवर उभारलेलं एक उद्यान काही महिन्यांसाठी इथे येणार असं कळलं, तेव्हा जूनमध्येच संजीवनीने इराकडून तीन तिकिटं काढून घेतली. परीक्षेनंतरचा पहिला शनिवार. ऑगस्टमध्ये ती गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला गेली, सोबत मी. ऑक्टोबरमध्ये रांगेत उभं राहता यायला हवं, असं ती डॉक्टरांना सांगत होती. शस्त्रक्रिया झाली. पाचव्या रात्री फुप्फुसात रक्ताची गाठ गेली आणि पहाटे चारला ती संपली.

इराला परीक्षा होईपर्यंत कळू द्यायचं नाही, हे मी ठरवलं. सारंगला ते फारसं पटलं नव्हतं, पण तो माझ्याशी वाद घालत नाही. पुण्याला येताना इराला त्याने ऑफिसच्या कामाला मुंबईला जातोय असं सांगितलं होतं. दहाव्याला गुरुजींनी त्याला डोक्यावरचे केस काढायला सांगितलं, तेव्हा मीच मध्ये पडलो. परत गेल्यावर पोरगी विचारेल, म्हटलं. गुरुजींनी एक बट कापून घेतली आणि पुढचे मंत्र सुरू केले.

राहिला फोन. इरा रोज संध्याकाळी आजीला व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवायची. तो फोन माझ्या खिशात होता. भूल देताना घशात नळी घातली होती, त्यामुळे बोलता येत नाही, असं मी आजी होऊन लिहिलं. औषधांनी चेहरा सुजलाय, व्हिडिओ नको, असंही लिहिलं. मग रोज दोन-चार ओळी लिहीत गेलो. मी परत आलो आणि आजी फिजिओसाठी माझ्या बहिणीकडे राहिली आहे असं सांगितलं, तरी निरोप चालूच राहिले. इरा तिच्या खोलीतून बोलायची, मी माझ्या खोलीत कानाला फोन लावून ऐकायचो. मध्ये एक भिंत.

गणिताच्या पेपरच्या आदल्या आठवड्यात ती म्हणाली होती, "आजी, एक सीक्रेट. आबा समजावतात ना, तेव्हा मला कधीकधी काहीच कळत नाही. चार वेगळ्या मेथड सांगितल्या की आणखी कन्फ्यूज होतं. पण ते इतके खूश असतात, मग मी कळलं म्हणते. तू त्यांना सांगू नकोस हां."

मी तो निरोप पुन्हा एकदा ऐकला. मग लिहिलं, नाही सांगणार.

दुसऱ्या दिवशी तिला शिकवायला बसलो, तेव्हा एकच रीत सांगितली. ती माझ्याकडे बघतच राहिली.

उद्यान हार्बरफ्रंटजवळच्या एका मोठ्या हॉलमध्ये होतं. आत शिरायच्या दारापाशी एक मुलगी फोनवरची तिकिटं तपासत होती. तीन तिकिटं आणि माणसं दोन, म्हणून तिने तिसरं माणूस कुठे असं विचारलं. मी काही बोलायच्या आत इराने तिला इंग्रजीत सगळं सांगितलं. आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती पुढच्या आठवड्यात येईल, मग हे तिकीट पुढच्या महिन्यात चालेल ना? मुलगी म्हणाली, तारीख बदलता येईल. इराने तिथेच दोन्ही हातांनी फोनवर नवी तारीख टाकली.

"आठ नोव्हेंबर," ती मला म्हणाली. "तोपर्यंत ती चालेल ना आबा? नाही तर व्हीलचेअर घेऊ. इथे रॅम्प आहे, मी बघितला."

मी "बघू" म्हणालो. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मागे लांब रांग होती.

आत कागदाच्या लगद्याचे डोंगर होते आणि त्यांच्यामागे घरघर करत ढग सरकत होते. एका सिनेमातलं समुद्राच्या तळाशी असलेलं रेल्वे स्टेशन खऱ्या आकारात उभारलं होतं. त्या स्टेशनवर एक म्हातारी खानावळ चालवते आणि बुडालेल्या गाड्यांमधल्या प्रवाशांना गरम भात वाढते, अशी ती गोष्ट. संजीवनीचा हा सगळ्यात आवडता सिनेमा होता. ती म्हातारी भात वाढताना वाटी वाजवते, ते बघून संजीवनी म्हणायची, ही आपल्याकडची दिसते. इराने खानावळीचे, चुलीचे, म्हातारीच्या पुतळ्याचे फोटो काढले. एकेक फोटो काढला की ती तो आजीला पाठवत होती. माझ्या शर्टाच्या खिशात प्रत्येक वेळी फोन थरथरत होता. मी हात छातीशी धरून चालत होतो. तिने विचारलं, आबा, दुखतंय का? मी नाही म्हटलं.

शेवटी दुकान होतं. इराने आजीसाठी त्या म्हातारीचा भाताचा डाव घेतला, लाकडी, लहानसा. मग तिने फोन काढला आणि बोलायला लागली, "आजी, गेस मी काय घेतलं."

मी तिच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, "थांब. चल, तिकडे बसू."

दुकानाबाहेर खोट्या स्टेशनचा बाक होता. तिथे मी तिला सांगितलं. शब्द पाठ करून गेलो होतो, त्यातला एकही आला नाही. आजी गेली, आठ सप्टेंबरला, पहाटे, तिला त्रास झाला नाही, एवढंच बोललो. त्रास झाला नाही हेही मला नक्की माहीत नव्हतं.

ती रडली नाही. तिच्या मांडीवर दुकानाची पिशवी होती. समोर एक लहान मुलगा त्या म्हातारीच्या पुतळ्याला मिठी मारून फोटो काढून घेत होता. इरा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "कोणाकोणाला माहीत होतं?"

"घरी सगळ्यांना."

"खालच्या टेबलवरच्या मुलांना?"

"त्यांच्या आयांना."

"म्हणजे सगळ्यांना," ती म्हणाली.

मी समजावायला लागलो. ती सवय जात नाही. मी तिला माझ्या शाळेतल्या एका मुलाची गोष्ट सांगितली. त्याची दहावीची परीक्षा चालू असताना वडील गेले. काकांनी शाळेत येऊन मला विचारलं, काय करावं? मी म्हटलं, पेपर होऊ द्या. मुलाला मामाकडे ठेवलं. तो बोर्डात झळकला, गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. ही गोष्ट मी किती वर्गांना, किती पालकांना सांगितली असेल. संकटातही मूल कसं उभं राहतं, याचं उदाहरण म्हणून सांगायचो.

"मग तो तुमच्याशी बोलला?" इराने विचारलं. "नंतर?"

मी आठवू लागलो. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन त्याचे काका आले होते. गुणपत्रिका न्यायलाही काकाच आले. तो मुलगा परत शाळेत आला नाही. पुढे त्याचं काय झालं, हे मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत मी ते कुणाला विचारलंही नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली, जणू उत्तर बरोबर आलं होतं. मग एकदम तिचा चेहरा बदलला. तिने आपला फोन उघडला, आजीचे निरोप काढले आणि अंगठ्याने भराभर वर सरकवायला लागली.

"हे कोण लिहीत होतं?"

"मी."

"मग तुम्ही ऐकलंत. ते सगळं."

"हो."

"मी तुमच्याबद्दल बोलले ते?"

"हो."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता ती रडेल असं वाटलं, पण ती नुसती दात आवळून बसली. मी म्हणालो, तू जे सांगितलंस त्याचा मला राग आला नाही, उलट मला शिकता आलं. ती म्हणाली, "मी तुम्हाला नव्हतं सांगितलं."

माझा हात खिशातल्या फोनवर गेला.

"आजीचा फोन द्या," ती म्हणाली.

मी दिला. दोन्ही फोन तिने मांडीवर शेजारी शेजारी ठेवले, दोन्हींवर तेच निरोप उघडले, आणि आजीचा फोन माझ्यापुढे धरला.

"कुठपर्यंत आजी आहे? दाखवा."

मुलांना वहीतली ओळ दाखवावी तसं मी बोट ठेवून वर वर सरकवत गेलो. आजचे फोटो. पेपरचे दिवस. नाही सांगणार. फिजिओ. चेहरा सुजलाय. घशात नळी. आणि मग ती ओळ आली, सात तारखेच्या रात्रीची. संजीवनी कधी पूर्णविराम द्यायची नाही.

उद्या फिजिओवाली येणार आहे मला भूक नाही तू जेवलीस का

"ही," मी म्हटलं.

त्याखाली इराचं उत्तर होतं, हो. ती रात्री लवकर झोपली होती, आणि सकाळी सातला शाळेला निघताना तिने ते पाठवलं होतं. पुण्यात तेव्हा साडेचार वाजले होते. त्याखाली माझं, शहाणी ती.

"हे किती वाजता लिहिलंत?"

"लगेच. मी तिथेच उभा होतो. फोन वाजला म्हणून बघितलं." मग मी बाकीचंही सांगितलं. "तेव्हा तुझ्या बाबालाही कळवलं नव्हतं. तुला आधी उत्तर दिलं."

ती माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघत होती. त्या नजरेत राग होता की आणखी काही, हे मला ओळखता आलं नाही. चौतीस वर्षं मुलांचे चेहरे वाचले, हा वाचता आला नाही.

मग तिने खोडायला सुरुवात केली. आधी आजीच्या फोनवर, मग स्वतःच्या. मी लिहिलेली एकेक ओळ, तिचा एकेक निरोप. घाई न करता, खालून वर. बरेच होते. एक बाई येऊन आम्हाला म्हणाली, फोटोसाठी बाक मोकळा करता का? इराने वर न बघता सांगितलं, "वन मिनिट, आंटी." बाई तिच्याकडे बघून गेली. शेवटी दोन्ही फोनवर सगळ्यात खाली तेवढंच उरलं. तू जेवलीस का. हो.

आजीचा फोन तिने मला परत दिला नाही.

येताना पाया लेबारला गाडी बदलली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तरी ती दाराशी उभी राहिली. पिशवी मनगटावर, दोन्ही फोन छातीशी. बेडोक स्टेशनपासून ती चार पावलं पुढे चालत होती. तिच्या पाठीकडे बघून मला वाटत होतं, आता ती वळेल, आता विचारेल. मला काहीही विचारलं असतं तरी मी खरं सांगितलं असतं. ब्लॉकखालच्या टेबलाशी दोन मुलं वह्या घेऊन बसली होती. मी त्यांना हाताने नको अशी खूण केली.

लिफ्टसाठी थांबलो तेव्हा ती बोलली, दाराकडे तोंड करूनच.

"मॅथ्सचा पेपर वाईट गेला मला. दुसरा पेपर. तीन सम्स राहिले."

घरी तिने सगळ्यांना चांगला गेला असं सांगितलं होतं. आजीलाही. त्या रात्री मी त्यावर लिहिलं होतं, मला माहीतच होतं.

"मग चांगला गेला असं का म्हणालीस?" मी विचारलं.

"ती आजारी होती ना," इरा म्हणाली. "तिला टेन्शन नको म्हणून."

लिफ्ट आली. आत आमच्याच मजल्यावरची एक बाई होती. तिला गेला महिनाभर सगळं ठाऊक होतं. ती इराकडे बघून हसली आणि पेपर कसे गेले असं तिने विचारलं. इराने खाली बघितलं.

"माझी आजी गेली," तिने त्या बाईला सांगितलं. मग वर जाईपर्यंत आम्ही तिघंही दाराकडे बघत उभे राहिलो.