उलट्या सिंहांचा रुपया

गोजराबाईंनी येलहंक्याहून शिवाजीनगरची बस तिसऱ्यांदा धरली, तेव्हा त्यांच्या पिशवीत एक रुपया होता, पावशेर खवा होता आणि संक्रांतीला साखरेची चित्रं पाडायचा लाकडी साचा होता. आधीच्या दोन खेपांना नुसता रुपया नेला होता. हयवदन नाणीवाल्याने तो दोन्ही वेळा दोन बोटांत धरून परत सरकवला. "दोन नाणी व्हाइसच्या लोखंडी पकडीत आवळून केलेला आहे, अक्का. असले दिवसाला दहा येतात." भिंग नुसतं गळ्यात लटकत होतं मेल्याच्या, डोळ्याला लावायचे कष्ट घेतले नाहीत.

रुपयाच तसा होता म्हणा. एका बाजूला नेहमीचे सिंह, वर उठलेले. दुसऱ्या बाजूला आकडा हवा, तर तिथेही सिंहच, पण आत खोल गेलेले आणि आरशात दिसावेत तसे उलटे.

तीस वर्षांपूर्वी तो त्यांच्या यजमानांच्या, सयाजीरावांच्या, कंडक्टरच्या पिशवीत आला. संध्याकाळी हिशोब देताना डेपोच्या कॅशियरने तो वर धरून दाखवला. "तुझ्या भावाचं वर्कशॉप आहे ना? तिथे व्हाइसमध्ये दाबलास आणि खरा खिशात घातलास." पंधरा दिवस घरी बसवलं माणसाला. तेही सोसलं असतं त्यांनी. पण घरी आले तर चहा देता देता गोजराबाईंनीच विचारलं, "खरं सांगा, तुम्हीच केलंत ना?" उचलली जीभ लावली टाळ्याला.

सयाजीरावांनी चहा तसाच ठेवला. रुपया एका जुन्या तिकिटात गुंडाळून ट्रंकेत टाकला आणि त्या दिवसापासून त्याचं नाव काढलं नाही. बाकी संसार झाला, दोन मुलींची लग्नं झाली, हसणं-बोलणं सगळं झालं. एवढी एकच गोष्ट त्या घरात कुणी बोललं नाही, आणि गोजराबाईंना ती आतून खात राहिली.

मग गेल्या महिन्यात भव्याच्या, म्हणजे धाकट्या लेकीच्या, डोहाळजेवणासाठी त्या पेढे करत होत्या. साच्याला दोन फळ्या, खालच्या फळीत मोर, वरच्या फळीत कमळ. खव्याचा गोळा मध्ये ठेवायचा आणि दाबायचा. गप्पांच्या नादात एक पेढा वरच्या फळीला चिकटून राहिला. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही. पुढचा गोळा ठेवला, दाबला, काढला, तर कमळ गायब. एका बाजूला मोर, दुसऱ्या बाजूलाही मोर, पण आत गेलेला आणि उलटा. गोजराबाई तशाच बसून राहिल्या. नाणंही साच्यातच पडतं की! मागचं नाणं वरच्या साच्याला चिकटलं असणार, आणि हे त्याच्याखाली आलं असणार. माणूस खरा होता आणि आपण त्याला चोर ठरवलं.

त्या दिवसापासून त्यांनी हा ध्यास घेतला. रुपया खरा असल्याचं जाणकाराच्या हातचं लेखी आणायचं, त्याशिवाय यजमानांपुढे तोंड उघडायचं नाही.

तर आता दुकानात हयवदनने त्यांना पाहिलं आणि सुस्कारा टाकला. "अक्का, पुन्हा?" बोलणं सगळं कानडीतच चाललं होतं.

"पुन्हा. स्वल्प जागा कर काउंटरवर."

त्यांनी साचा मांडला. त्याच्या डोळ्यांदेखत एक पेढा वरच्या फळीला चिकटलेला ठेवून दुसरा दाबला आणि उलट्या मोराचा पेढा त्याच्यापुढे ठेवला. मग दोन चांगले पेढे घेतले, एकाचा मोर दुसऱ्याच्या कमळावर टेकवला आणि दोन्ही तळव्यांत आवळले.

"हा तुझा व्हाइस. आता बघ, मोर इथेही उलटा उमटला. पण कमळ पुरतं गेलं नाही, त्याच्या पाकळ्या दिसताहेत खालून. आणि मागे फिरव."

हयवदनने पेढा मागे फिरवला. मागचा मोर तळव्याने चेपून सपाट झाला होता.

"आता माझा रुपया बघ. हातच्या कंकणाला आरसा कशाला? आत गेलेल्या सिंहांखाली आकड्याची एक रेघ दाखव. मागच्या सिंहाची एक आयाळ चेपलेली दाखव. दाखवलीस तर हा सगळा खवा तुझा, आणि मी पुन्हा ही पायरी चढणार नाही."

हयवदन हसला, पण या वेळी भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ लावलं. मग हसू मावळलं. त्याने रुपया काट्यावर ठेवला, वजन नेमकं भरलं. कड फिरवून पाहिली, कुठे घासल्याची खूण नव्हती. पुन्हा भिंग लावलं.

"पेढा काही पुरावा नाही, अक्का," तो म्हणाला. "पुरावा नाण्यातच होता. मी पाहिला नाही, ही चूक माझी. खरा आहे. टांकसाळीतूनच असा आलाय. कुणी घासला-पुसला नाही हे फार बरं केलंत. पंचवीस हजार आत्ता देतो, लिलावात जास्तही येतील."

"विकायला कोण आलंय? लिहून दे."

त्याने दुकानाच्या कागदावर लिहून दिलं, सही-शिक्का केला. निघताना खव्याचे पैसे विचारले, तर गोजराबाई म्हणाल्या, "खा तू. उलट्या मोराचा तेवढा माझा."

घरी सयाजीराव व्हरांड्यात गुडघ्याला तेल चोळत बसले होते. गोजराबाईंनी चपलाही न काढता कागद आणि रुपया त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी कागद वाचला आणि घडी घालून परत दिला.

"रुपया खरा आहे हे मला ठाऊकच होतं. कागद तुला हवा होता."

गोजराबाईंना वाटलं होतं, ते खूश होतील. पण मागे फिरायला त्या आल्या नव्हत्या.

"मलाही नको होता," त्या म्हणाल्या. "महिन्यापूर्वीच पटलं होतं मला. पण चुकलं म्हणायला रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून तीन खेपा घातल्या. त्या कॅशियरचं सोडा. तुम्हाला मी तसं विचारायला नको होतं. चुकलं माझं."

गोजराबाईंनी पिशवीतला पेढा काढून सयाजीरावांच्या हातावर ठेवला आणि तो कसा झाला ते सांगितलं. त्यांनी तो चष्मा वर करून पाहिला, पालथा करून पाहिला, बोटाने उलटा मोर चाचपला. कागदाकडे काही एवढं पाहिलं नव्हतं.

"जे. पी. नगरच्या स्टॉपवर चढली होती बाई," ते एकदम म्हणाले. "कडेवर मूल होतं. तिने दिला."

मग जे सुरू झाले ते दिवेलागणीपर्यंत थांबले नाहीत. कुठली बस, किती गर्दी, कॅशियरने रुपया कसा वर धरला, बाकीचे कसे हसले, घरी येताना एवढंच कसं वाटत होतं की गोजराला सांगू म्हणजे बरं वाटेल. गोजराबाई पायरीवर बसून ऐकत होत्या. मध्ये त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.