दोन तुकड्यांची फळी

मित्रांनो, सुताराच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षीचा माझा जन्म. मी एक जुनी, जाडजूड फळी आहे. लेक ओढ्यापलीकडे नांदायला गेली. तिला माहेरी येता यावं म्हणून सुताराने मला रंधा मारून ओढ्यावर टाकलं. ओढ्याच्या अलीकडे दोन वाड्या होत्या, वरची आणि खालची. मी एक महिना वरच्या वाडीसमोर असे, एक महिना खालच्या. सगळे माझ्यावरून जात आणि मला दुवा देत.

मग पक्का पूल मंजूर झाला आणि वाड्यांचं बिनसलं. पूल आमच्याच दारात हवा, असं दोघी म्हणू लागल्या.

"एकमताने जागा सांगा, नाहीतर पूल दुसऱ्या गावाला जाईल," असं सरकारी साहेब बजावून गेले.

भांडण पुलावरून माझ्यावर आलं. फळी कोणाची? रागाच्या भरात दोन्ही वाड्यांनी करवत लावून माझे दोन तुकडे केले. वाटणी अगदी चोख झाली, पण माझा एकही तुकडा पैलतीराला पोचेना!

दुसऱ्याच दिवशी पलीकडून हाक आली. सुताराच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या आणि सुईणआत्या अलीकडे अडकली होती. सुतार धावत काठावर आला. दोन वाड्यांच्या मधोमध ओढ्यात एक रुंद खडक आहे. तिकडे बोट दाखवून तो म्हणाला, "एक तुकडा अलीकडून, एक पलीकडून त्याच्यावर टेकवा. पाया पडतो तुमच्या."

दोन्ही वाड्यांचे गडी कमरेइतक्या ओढीच्या पाण्यात उतरले आणि तुकडे धरून उभे राहिले.

"हातांनी धरा रे मेल्यांनो, तोंडं नंतर चालवा!" असं खेकसत आत्या पार झाली. संध्याकाळी सुताराला नात झाली.

पुढे साहेबांनी जागा विचारली, तेव्हा आत्याच बोलली, "मी गेले तिथेच बांधा. दोन्ही वाड्यांचे पाय सारखेच दुखतील, मग भांडायचं कोणी?"

सगळे हसले. पूल त्याच खडकावर उभा राहिला.

सुताराने लोखंडी पट्टी ठोकून मला सांधलं आणि पुलाच्या तोंडाशी माझं बाक केलं. आता दोन्ही वाड्यांची माणसं माझ्यावर टेकतात. सांध्यावर मात्र कोणी बसत नाही, तिथे चिमटा बसतो!

मी सुखी आहे. मित्रांनो, एकच मागणं आहे. पुलाच्या भेगेत रोपटं दिसलं तर लहान आहे तोवर उपटा. ते कोणत्या वाडीच्या बाजूला उगवलंय, हे बघत बसू नका.

नात शाळेत जाऊ लागली, त्या हिवाळ्यात सुतार वारला. त्याला पुलावरून नेलं. खांदे दोन्ही वाड्यांचे होते.