फाळक्यावरचं नाव

सकाळी साडेदहाला मेल आला आणि माझा दिवस नासला. दिल्लीच्या ज्या डिझाइन स्पर्धेत माझा 'वाडी' नावाचा फॉन्ट शेवटच्या पाचात पोचला होता, त्यांना मूळ फोटो हवा होता. संध्याकाळी सहापर्यंत, न छाटलेला, न सुधारलेला.

सहा महिन्यांपूर्वी शहराबाहेर वाडी गावच्या गोदामांपाशी एका ट्रकच्या मागच्या फाळक्यावर मला अक्षरं दिसली होती. 'काळजीनं चालव, घरी वाट पाहून राहिले.' पिवळ्यावर लाल रंग, फुगलेली पोटं, ऐटीत वर गेलेल्या शेपट्या. मी फोटो काढला आणि त्यावरून अख्खी वर्णमाला बसवली. चार महिने डोळे फोडले, ते खोटं नाही. पण फोटो साफ करताना गंज पुसला, चिखल पुसला, आणि त्याच हातासरशी कोपऱ्यातली बारीक ओळही पुसली. 'धोंडबा पेंटर, वाडी', आणि खाली मोबाईल नंबर. आम्हा डिझाइनवाल्यांना स्वच्छतेचा रोगच असतो. अर्जात मी लिहिलं, 'प्रेरणा: अज्ञात लोककलावंत'. डिझाइनच्या बातम्या देणाऱ्या एका वेबसाइटनं तेच मथळ्यात घेतलं. लाखभर लोकांनी पाहिलं. काही जण त्या अज्ञातासाठी हळहळलेसुद्धा.

आता मूळ फोटो पाठवायचा म्हणजे 'अज्ञात' हा शब्द धडधडीत खोटा ठरणार. खोट्या माहितीला नियमात माफी नव्हती. बक्षीस गेलं की त्याच्या जोरावर बंगळुरूला ठरत आलेली नोकरीही गेली.

आमच्या एजन्सीचे मालक श्रीधर सर म्हणाले, साफ केलेला फोटोच मूळ म्हणून पाठव. जगात सगळेच कुठून ना कुठून उचलतात. "कायले टेन्शन घेऊन राहिली वं? कोण जाते वाडीले विचारायले?"

मी जागेवर बसले, उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी उघडे होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, कोणी मागून गेलं तरी मी स्क्रीनवरची खिडकी बंद करत होते. दोन वाजता स्वतःचाच राग आला आणि मी गाडी काढली.

वाडी नाक्यावरून तो नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला उचलला. "कोणती गाडी होय? टाटा का लेलँड?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले. ते म्हणाले, "या, काट्याच्या मागं आहो."

वजनकाट्यामागच्या शेडमध्ये साठीचा एक माणूस मोकळ्या हातांनी बसला होता. पंधरा दिवसांत ब्रश भिजला नाही, असं त्यांनीच सांगितलं. आता सगळ्यांना मशीनवर कापलेले स्टिकर हवे असतात. मी गाडी रंगवून घ्यायला नाही आले म्हटल्यावर चेहरा उतरला, तरी त्यांनी स्टूल पुढे केलं.

मी मोबाईलवर फॉन्ट दाखवला. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर बोटानं मोठं करून पाहिलं. ओळखलं, हसले. मग 'ळ'पाशी थांबले. "हा बिघडला. डायव्हर हॉर्न वाजवून राहिला होता, घाईत ओढला. तुम्ही नेमका माझा बिघडलेलाच उचलला, बाई." याच 'ळ'ला परीक्षकांनी धाडसी म्हटलं होतं. एरवी मी पोट धरून हसले असते.

मग त्यांनी विचारलं, हे कोणी कोणी पाहिलं. मी वेबसाइटचं सांगितलं, लाखभर लोकांचंही सांगितलं. त्यांनी खिशातून आपला साधा फोन काढला, बटणं दाबली, कानाला लावून पाहिला.

"लाख लोकांनी पाहिलं म्हणता. मले तर एकबी फोन नाही आला. नंबर तर टाकतो मी खाली."

त्यांचा संशय फोनवर होता. मला लाज वाटली, इतकी की स्टुलावरून उठून उभी राहिले.

"काका, नाव अन् नंबर मी पुसला."

"काहून?"

"फोटो चांगला दिसावा म्हणून."

त्यांनी माझ्या मोबाईलकडे पाहिलं. "पुसायले किती टाइम लागला?"

"एक सेकंद."

"मले लिहायले अर्धा घंटा लागते," ते म्हणाले. "बारीक ब्रश हलते आता."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी तिथेच उभ्या उभ्या मोबाईलवरून अर्जात मूळ फोटो चढवला, गंजासकट, नावासकट. 'अज्ञात' खोडून 'धोंडबा पेंटर, वाडी' लिहिलं, खाली नंबर टाकला, आणि पुसणारी मीच, हेही लिहिलं. पाठव दाबलं. बंगळुरू गेलं, हे मला बटण दाबतानाच कळत होतं.

काय केलं ते त्यांना सांगितलं. "आता येईन फोन?" त्यांनी विचारलं. मी माहीत नाही म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी फोनचा आवाज मोठा केला आणि तो रंगाच्या डब्याच्या झाकणावर, समोरच ठेवला. आम्ही दोघं बसून राहिलो. तेवढ्यात रिंग वाजली. माझ्या मोबाईलची होती, श्रीधर सर होते. पण धोंडबाकाकांनी तोवर आपला फोन उचलून कानाला लावला होता.