जावईबापूंनी बांधलेलं इंजिन

जेऊरात तीन मिस्त्री माशा मारत बसलेले असताना महिपतीनं आपली केळीची पिकअप इंजिनकामाला थेट सोलापुरात, भवानी पेठेत नेली. का? तर तिथं जावयाचं गॅरेज! घरचा माणूस सोडून परक्याकडं गेलं तर पाव्हणे काय म्हणतील? पाव्हणे काहीच म्हणाले नाहीत. गाडी मात्र घरी आल्या दिवसापासून तेल गाळायला लागली.

आता आली का पंचाईत! जावयाला "तुमचं काम गळतंय" म्हणायची सोय नाही आणि दुसऱ्या मिस्त्रीला दाखवावं तर जावयाची अब्रू गावभर. त्यात अधिक महिना. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, आणि विष्णूनं बोल्ट ढिला ठेवल्याचं कुठल्या पोथीत लिहिलंय? महिपती गुपचूप वरून तेल ओतत राहिला. पण माल भरलेला असताना तेल संपून इंजिन जाम झालं असतं, तर घर बसलंच म्हणायचं. त्या गाडीवरच घर चालत होतं.

शेवटी त्यानं स्वतःच इंजिन डिझेलनं धुतलं, बायकोची, बजाबाईची तोंडाला लावायची पावडर त्यावर फासली आणि गाडी चालू ठेवली. थोड्या वेळात पांढऱ्या पावडरीवरून काळा ओघळ उतरला. खालून नव्हे, पार वरून, इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या कडेनं! तिथले दोन बोल्ट नुसते बोटानं फिरत होते. महिपतीनं पाना लावला.

"अवो, थांबा!" बजाबाई ओरडली. "उद्या जावईबापू धोंड्याच्या जेवणाला येत्यात. तुमीच आवळलं तर त्यास्नी काय वाटंल? त्यास्नीच घावू द्या की."

झालं! सापडलेली गळती पुन्हा हरवायची. महिपतीनं पाना ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी जावई युवराज आले; लेक आदल्या दिवशीच माहेरी आली होती. नावाचेच युवराज, चाल महाराजांची. पुरणाचे धोंडे हाणून ते अंगावरच्या नव्या कपड्यांना जपत गाडीखाली वाकले.

"मामा, खालचं तेलाचं चेंबर गळतंय."

"व्हय का? जरा वर बघता का, जावईबापू?"

"वर काय बघायचं? तेल खाली पडतंय की!"

महिपतीनं बॅटरी नेमकी टॅपेट कव्हरवर धरली. जावयानं ती बाजूला करायला लावली. "हितं कायतरी चिकटलंय बगा," असं महिपतीचं बोल्टाला बोट लावून सांगूनही झालं. विष्णू काही प्रसन्न होईना.

"पुरतं इंजिन उतरवावं लागंल," जावई हात पुसत म्हणाले. "आणा गॅरेजला."

महिपतीच्या मस्तकात तिडीक गेली. खड्ड्यात गेला मान! त्यानं सगळ्यांदेखत दोन्ही बोल्ट आवळले.

"इंजिनाला नाती कळत न्हाईत, जावईबापू."

युवराजांचं तोंड एरंडेल प्यायल्यागत झालं. ते तरातरा ओसरीवर जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले. बजाबाई वाणाची चांदीची वाटी घेऊन मनधरणीला धावली.

लेक संस्कृती मात्र बापाजवळच थांबली. "आबा, चुकलं माजं."

"तुजं काय चुकलं, बाय?"

"ते जेवायला घरी आले की त्यांनी बांधलेलं इंजिन मी गॅरेजात जाऊन आवळून येते. रोजचंच हाय. तुमची गाडी झाली तवा मी हितं आले हुते, आईच्या आजारपणात."

महिपतीनं तिचे हात पाहिले. मेंदीखाली नखांत वंगण बसलेलं होतं. लाडाची लेक, आणि नशिबात हे! त्याचे डोळे भरून आले.

"त्यास्नी म्हाईत हाय?"

"न्हाय. आईच म्हणली, कळू देऊ नगंस, रुसत्याल."

"आन् तू ऐकलंस?" महिपती उसळला.

"तुमीबी काल ऐकलंच की, आबा."