तायवोचा बहात्तराव्या वर्षीचा फोटो

लागोसजवळच्या अबेओकुटात त्या काळी जुळ्यांतलं एक गेलं, की आई उरलेल्याला घेऊन फोटोवाल्याकडे जायची. केहिंदेचा भाऊ तायवो गोवरानं गेला, तेव्हा दोघं सहा वर्षांची होती. फोटोवाल्यानं आधी तिला फ्रॉकमध्ये बाकाच्या एका टोकाला बसवलं. मग भावाचा सदरा-टोपी चढवून दुसऱ्या टोकाला बसवलं आणि दोन्ही एकाच कागदावर छापले. भिंतीवर जुळी पुन्हा शेजारी बसली. आईकडे निळीत रंगवलेलं कापड घ्यायला गिऱ्हाइकं घरी आली, की आधी फोटोतल्या दोघांची विचारपूस करत.

पन्नासहून जास्त वर्षं तो फोटो टिकला. मग तिच्या मुलानं, ओयेवोलेनं, नवं घर बांधलं. तो आता चर्चमधला वजनदार माणूस. मेलेल्यांना पुजणं पाप आहे, असं म्हणून त्यानं फोटो अडगळीत टाकला. तिथं त्याला वाळवीनं खाल्लं.  वर्ष सरलं तसा केहिंदेला भावाचा चेहरा आठवेनासा झाला, आणि तेवढी एकच गोष्ट तिला मरण्याआधी हवी होती.

ओयेवोलेची लेक अबेनी लागोसला असायची. आपली माणसं नक्की कोण, याचा शोध घेणारे फोटो काढायची.

"आजी, आपण पुन्हा काढू," ती म्हणाली. "तायवो आज बहात्तर वर्षांचा असता, तसा."

"तुझा बाप मला घराबाहेर काढेल."

"मग माझ्याकडे ये. जेवण मात्र तुलाच करावं लागेल."

अबेनीनं पडद्यासमोर एकच खुर्ची ठेवली. "तायवो खुर्चीत बसेल, तू शेजारी उभी राहा. तो आधी जन्मला ना?"

"लागोसला जाऊन अक्कल गहाण टाकलीस का गं? आधी येतो तो धाकटा. जग कसंय ते चाखून ये, म्हणून मी त्याला पुढं धाडलं. तो रडला, मग मी आले. थोरली मी. खुर्ची माझी."

"चुकलं, आजी."

केहिंदे आपल्या निळ्या लुगड्यात खुर्चीत बसली. मग नवऱ्याचा घोळदार झगा आणि टोपी घालून रिकाम्या खुर्चीशेजारी उभी राहिली. हात कुठं ठेवावा, हे तिला विचारावं लागलं नाही. हनुवटी आपोआप वर गेली, डावा खांदा जरा कलला. असाच उभा राहायचा तो, मार बसायच्या आधी.

अबेनीच्या प्रदर्शनात तो फोटो अख्ख्या भिंतीएवढा होता. ओयेवोले इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आला, आल्या आल्या म्हणाला, "बघायला आलोय. कौतुक करायला नाही."

पण बघता बघता तो फोटोच्या अगदी जवळ गेला. मग म्हणाला, "आई, दोन्ही तूच आहेस."

"बसलेली मी. उभा आहे तो तुझा मामा. अकरा वर्षं मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पोरा. आज दिसतोय."

"मी चित्राची पूजा करणार नाही."

"पूजा कोण मागतंय? बाजारात चार दिवसांनी मोठा माणूस भेटला तरी तू वाकतोस. सख्ख्या मामासमोर खांबासारखा उभा आहेस."

ओयेवोलेनं भिंतीकडे पाहिलं. मग हातातली गाडीची किल्ली खाली ठेवली आणि सगळ्या लोकांसमोर तो फरशीवर पालथा झाला, छाती जमिनीला टेकवून, जसं अबेओकुटात थोरांसमोर होतात तसं. लोक बाजूला सरकले. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली.

"ऊठ," केहिंदे म्हणाली. तिची मान ताठ होती. "मामा ऊठ म्हणतोय."

तो उठला. छातीवरची धूळ त्यानं झटकली नाही.

"अबेनी, याची एक प्रत बैठकीत लावायची. याच मापाची."

"बाबा, एवढी भिंत कुठंय आपल्याकडे?"

"दोन खोल्यांमधली पाडू," तो म्हणाला.